एक नंबरची दोन दारं

"परत गोल गोल फिरतंय. तिकडे भराभरा उघडतंय सगळं, इकडेच काय धाड भरलीय कुणास ठाऊक."

धाकटा हे कुणाला उद्देशून म्हणाला नव्हता. विचारलं असतं तर निदान तसंच सांगितलं असतं त्यानं. पण तो ज्या टेबलाशी बसला होता त्याच टेबलाखाली, त्याच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर, वहिनी दातांत टॉर्च धरून पालथी पडली होती. पुटपुटायला एवढा छापखाना मोकळा होता, पण त्यानं नेमकी तीच जागा निवडली होती.

वहिनीनं टॉर्च तोंडातून काढली. "भाऊजी, मला ऐकू येतं हो. टॉर्च तोंडात आहे, कानात नाही."

"तुम्हाला कुठं काय म्हटलं? मी आपला मशीनला म्हणत होतो."

"मग त्यालाही जरा गोड बोला. आज त्याचीच मर्जी सांभाळायचीय."

छापखाना दोघा भावांचा. थोरला छापायचा; धाकटा छापलेलं कापून, शिवून, पुठ्ठा चढवून द्यायचा. थोरला हा वहिनीचा नवरा. धाकटा पंचेचाळिशीचा, बिनलग्नाचा, वरच्या मजल्यावर त्यांच्याच घरात राहणारा. तीन वर्षांपूर्वी दोघांचं बिनसलं आणि एका सकाळी छापखान्याच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. छतापर्यंत नेऊ का, असं सुतारानं विचारलं, तर दोघंही एकदम म्हणाले, "नको, हवा अडेल." त्यानंतर त्यांचं कशावर एकमत झालेलं वहिनीनं पाहिलं नव्हतं.

हवा अडली नाही, तसा आवाजही अडला नाही. इकडे खोकलं की तिकडे कळायचं. पण बोलायचं झालं की वहिनी. "त्याला सांग, छापलेले फर्मे संध्याकाळी मिळतील," थोरला भिंतीकडे तोंड करून म्हणायचा. आणि वहिनीनं तोंड उघडायच्या आत पलीकडून यायचं, "त्यांना सांगा, मी ऐकलं." जेवणाच्या पंगतीही दोन. थोरला साडेबाराला, धाकटा सव्वाला. वहिनी दोघांनाही सोबत करायची, त्यामुळे तीन वर्षांत तिचं वजन सहा किलोंनी वाढलं होतं. या भांडणात नक्की काय हाती लागलं असेल तर ते तेवढंच, असं ती म्हणायची.

बिनसलं कशावरून, तेही सांगायला हवं. व्यापाऱ्यांच्या मंडळाची टेलिफोन डायरी छापायला आली होती, सातशे प्रती. छापखान्याची रीत अशी की माप तोंडी सांगायचं नाही. मशीनच्या खडखडाटात पाचाचं पन्नास व्हायला वेळ लागत नाही, म्हणून माप नेहमी चिठ्ठीवर. थोरल्यानं चिठ्ठी लिहिली, धाकट्यानं त्याप्रमाणे कागदाची उजवी कड कापली, आणि सातशेच्या सातशे डायऱ्यांतल्या प्रत्येक फोन नंबरचा शेवटचा आकडा कचऱ्याच्या पोत्यात गेला. पुढे वर्षभर लोक शून्यापासून नऊपर्यंत एकेक आकडा लावून बघत होते. त्या नादात एका कुलूपवाल्याची आणि एका शिंपिणीची ओळख झाली आणि लग्नही जमलं म्हणतात. पण इथे थोरला म्हणाला, "मी पाच मिलिमीटर लिहिलं होतं, यानं पंधरा कापलं." धाकटा म्हणाला, "लिहिलं होतं तेवढंच कापलं." चिठ्ठी कातरणाबरोबर गेली होती.

ती चिठ्ठी वहिनीनं नेली होती, चहाच्या बशीखाली धरून. आणि जाता जाता वाचलीही होती. पंधराच होतं. तिला कुणी विचारलं नाही. थोरल्यानं विचारलं नाही, कारण त्याला ठाऊक होतं. धाकट्यानं विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तिला नवऱ्याच्या विरुद्ध उभं राहावं लागलं असतं. तेवढं त्यानं जपलं. आणि ती न विचारता बोलली नाही. याचं तिला अधूनमधून, विशेषतः सव्वाच्या पंगतीला, वाईट वाटायचं.

असं सगळं सुरळीत बिघडलेलं असताना लेकीला दिवस गेले. लेक लांबच्या शहरात, पहिलंच बाळंतपण, आठवा संपत आलेला. वहिनीची शुक्रवारची गाडी ठरली होती, तीन महिन्यांसाठी. महिनाभरापूर्वी लेक फोनवर म्हणाली होती, "आई, तुला जमलं नाही तर मी समजून घेईन गं. बाबांचं आणि काकांचं मला माहितेय." ते 'समजून घेईन' वहिनीला जिव्हारी लागलं. पोटातल्या पोराआधी आपल्याला समजून घ्यायचं काम लेकीला लागावं, म्हणजे हद्द झाली. त्याच दिवशी तिनं ठरवलं की आपल्या जागी मशीन बसवायचं.

कामापुरतं बघितलं तर अडचण सरळ होती. इंटरनेटची लाइन एकच, ती थोरल्याच्या बाजूला. गिऱ्हाइकांच्या फायली तिकडे उतरायच्या. त्यातलं धाकट्याला लागणारं वहिनी पेनड्राइव्हवर घालून रस्त्यानं वळसा घालून नेऊन द्यायची. ती गेली की हे कोण करणार? थोरल्याच्या कॉम्प्युटरवर बसायला धाकटा तयार नाही. धाकट्याची केबल आपल्यात जोडून घ्यायला थोरला तयार नाही. "माझ्या फायलींत त्याचं बोट नको. इकडचं तिकडे दिसता कामा नये."

कॉम्प्युटर वहिनी आपली आपणच शिकली होती. दुरुस्तीवाला येतो येतो म्हणून आठ दिवस आला नाही, तेव्हा तिनं पहिल्यांदा स्क्रू काढला. मग काढतच गेली. प्रॉक्सी म्हणजे काय हे वाचलं तेव्हा तिला हसूच आलं. आतल्यांनी बाहेर जायचं नाही, मध्ये बसलेल्याला सांगायचं. त्यानं बाहेरून आणून ज्याचं त्याला द्यायचं. एकानं मागितलेलं दुसऱ्यानं पुन्हा मागितलं तर आपल्याजवळची प्रत काढून द्यायची, उगाच हेलपाटा नाही. आणि इकडचं तिकडे बोलायचं नाही. "अरे, हे तर मीच," असं म्हणून तिनं भंगारात निघालेला एक कॉम्प्युटर आणला, त्यात केबल जोडायची आणखी दोन कार्डं बसवली आणि त्याला तीन दारं केली. एक बाहेरचं, एक थोरल्याचं, एक धाकट्याचं. मशीननं त्या दारांना दिलेली नावं जिभेला झेपणारी नव्हती, म्हणून तिनं बायंडिंगच्या कापडाचे तुकडे चिकटवले. बाहेरचं पांढरं, थोरल्याचं लाल, धाकट्याचं निळं.

मशीन ठेवायचं कुठे, तर भिंतीच्या पायथ्याशी चौकोन कापून बरोबर मधोमध. त्याचं तोंड कुणाकडे आणि पाठ कुणाकडे यात दोन दिवस गेले. शेवटी आडवं ठेवलं.

आधी तिनं प्रॉक्सीला तिन्ही दारांवर कान देऊन बसवलं होतं. ते ऐकून लेक फोनवर ओरडली. "आई, बाहेरच्या दारावर नाही. अख्खं जग येऊन आपल्या नळावर पाणी भरून जाईल." तेव्हा पांढरं दार ऐकण्यातून काढलं, ते फक्त बाहेर जाण्यापुरतं ठेवलं. लाल-निळ्यावर कोणाला मागू द्यायचं त्याची यादी लिहिली. सगळं शिस्तीत झालं. आणि बुधवारी सकाळी थोरल्याचं भराभर चालायला लागलं आणि धाकट्याचं गोल गोल फिरायला लागलं.

वहिनीनं केबल बदलून पाहिली. कार्ड काढून, फुंकर मारून परत बसवलं. यादी तीनदा वाचली. धाकट्याचं नाव, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरचा पत्ता, यादीत होतं. आता टेबलाखाली पडून ती दारांवरचे हिरवे दिवे बघत होती. पण थोरल्याच्या बाजूच्या लाल दारावरचा दिवा सारखाच लुकलुकत होता, त्यातून काही कळेना.

"अहो," तिनं हाक मारली, "पाच मिनिटं हात मांडीवर ठेवून बसा. कॉम्प्युटरला बोट लावू नका."

"का? माझं तर चालू आहे," पलीकडून थोरला.

"म्हणूनच."

पलीकडे खुर्ची नाराजीनं करकरली. लाल दारावरचा दिवा शांत झाला.

"भाऊजी, आता एकदा दाबा. एकदाच हं."

धाकट्यानं दाबलं. निळ्या दारावरचा दिवा लुकलुकला. म्हणजे त्याचं मागणं आत पोचत होतं. आणि दुसऱ्याच क्षणी लाल दारावरचा लुकलुकला.

"परत दाबा."

निळा. मग लाल.

वहिनीला टेबलाखाली पडल्या पडल्या हसू फुटलं. इतकं की टेबल हललं आणि धाकट्यानं घाबरून पाय वर घेतले.

"काय झालं? करंट बसला का?"

"नाही हो. विचारताय तुम्ही, आणि उत्तरं सगळी त्यांच्याकडे चाललीत."

"बघा. मी म्हणत नव्हतो?"

"त्याला सांग," पलीकडून लगेच आलं, "मी काही कुणाचं घेतलेलं नाही."

कुणी घेतलेलं नव्हतं. चूक वहिनीची होती, आणि ती कशी झाली हे तिला आता लख्ख दिसलं. कॉम्प्युटरच्या पत्त्यात चार आकडे असतात. त्यातला तिसरा गल्लीचा समजायचा, चौथा घराचा. पत्ते देताना तिनं रीतसर दोघांना विचारलं होतं. थोरला म्हणाला, "मी एक नंबर. त्यात विचारायचं काय?" धाकटा म्हणाला, "त्यांनी किती घेतला? एक? मग मलाही एक." आणि तिनं दोघांनाही एक देऊन टाकला. तिला वाटलं, दारं वेगळी, केबली वेगळ्या, मध्ये भिंत. दोन्हीकडे एक नंबरची गल्ली असली तर कुणाचं काय बिघडलं? तीन वर्षं ती हेच तर करत आली होती. याला सांगायचं तुमचंच बरोबर, त्यालाही सांगायचं तुमचंच बरोबर. माणसांत ते खपून जातं. मशीनजवळ वाटांची वेगळी यादी असते, तिच्यात मात्र एका गल्लीला एकच दार लागतं. मागणं कुठूनही येवो, उत्तर पाठवताना ते ही यादी बघतं. एक नंबरची गल्ली कुठल्या दारानं? लाल. पहिलं सापडलं तेच खरं, पुढे बघायचं नाही.

तिनं दोघांना हे समजावून सांगितलं. मोठ्यानं, भिंतीच्या वरून. मग म्हणाली, "तर कुणीतरी दोन व्हायला पाहिजे."

धाकट्यानं डिंकाच्या डब्याचं झाकण काढलं आणि परत लावलं.

"त्याला सांग," शेवटी थोरला म्हणाला, "धाकटा कोण आहे ते त्यानंच बघावं."

"त्यांना सांगा, लाइन त्यांच्याकडे, दर्शनी दार त्यांच्याकडे, आता नंबरही त्यांनाच ठेवा म्हणावं."

"बरं," वहिनी म्हणाली, "एकही नको आणि दोनही नको. एकाला पाच, एकाला सात. मशीनला सगळे सारखे."

"पाच कुणाला?"

हे दोन्हीकडून एकदम आलं.

वहिनीनं हात टेकले. म्हणजे खरोखरच जमिनीवर टेकले, आणि कोपरावर उठून बसायच्या बेतात होती. पण तिच्या मनात काय आलं कुणास ठाऊक. तिनं टॉर्च परत दातांत धरली आणि ती पुन्हा पालथी झाली.

"त्याला सांग," थोरला म्हणाला, "पाच मला असेल तर माझी हरकत नाही."

वहिनी दारांवरचे दिवे बघत राहिली.

"अगं, सांगितलंस का?"

वहिनीनं टेबलाखालून "ऊं" केलं.

"काय म्हणतेयस?"

धाकट्यानं वाकून खाली बघितलं. वहिनीनं त्याच्याकडे बघितलं, टॉर्चचा झोत त्याच्या डोळ्यांवर पडला, तो सरळ झाला. थोडा वेळ त्यानं छताकडे बघितलं. मग भिंतीकडे बघून म्हणाला, "त्यांच्या तोंडात टॉर्च आहे."

तीन वर्षांत भिंतीवरून सरळ पलीकडे गेलेलं ते पहिलं वाक्य. ते इतकं साधं होतं की कुणाच्या लक्षातही येऊ नये. पण पलीकडची खुर्ची करकरता करकरता थांबली, यावरून थोरल्याच्या लक्षात आलं असावं.

"मग काढ म्हणावं," तो म्हणाला.

"मी कसं म्हणू? दात त्यांचे आहेत."

"किती वेळ धरून बसणार आहे?"

"मला काय माहीत. बायको तुझी आहे, दादा."

'दादा' बाहेर पडला आणि धाकटा जागच्या जागी थबकला, जणू खिशातून काहीतरी खाली पडलंय आणि ते उचलावं की नाही ते कळत नाहीये. टेबलाखाली वहिनीची लाळ टॉर्चवरून कोपरापर्यंत ओघळली होती. तरी तिनं दात सैल केले नाहीत.

पलीकडून आवाज आला तो जरा खाली उतरलेला होता. "शुक्रवारी जायचंय तिला."

"माहितेय."

"पोरीचं पहिलंच आहे."

"माहितेय म्हटलं ना. अंगडी आणलीत मी. वर कपाटात आहेत."

"तूही आणलीस?"

"तू किती आणलीस?"

"सहा."

"मी आठ."

या वेळी धाकट्यानं डिंकाच्या डब्याला हात लावला नाही.

"दोन नंबर मी घेतो," धाकटा म्हणाला. "मला चालेल. आधीही चालायचंच."

वहिनीनं टॉर्च काढली, कोपर पदराला पुसलं आणि कुणाचं मन फिरायच्या आत ती बाहेर आली. निळ्या दाराची गल्ली तिनं दोन केली. धाकट्याच्या कॉम्प्युटरचा पत्ता बदलला, मागणाऱ्यांच्या यादीतली ओळ बदलली, प्रॉक्सीला झोपवून परत उठवलं. बोटं भराभर चालत होती, पोळ्या लाटताना चालतात तशी. मध्ये विचार करायची गरज नव्हती.

"दाबा."

धाकट्यानं दाबलं. एक क्षण गोल फिरलं. मग गिऱ्हाइकाचं पान वरपासून खालपर्यंत उघडलं, रंगीत, अगदी कोपऱ्यातल्या चिमणीसकट.

"आलं," धाकटा म्हणाला. "अहो वहिनी, आलं की."

"अहो, तुमचं बघा," वहिनी ओरडली.

"माझं चालूच आहे," थोरला म्हणाला. मग जरा थांबून, "त्याचं आलं का?"

"आलं रे," धाकट्यानंच सांगून टाकलं. "तुझ्यापेक्षा लवकर आलं."

"लवकर येणारच. मी आधी उघडलं होतं ते पान. त्याची प्रत ठेवलेली असते मशीननं. वाच जरा." हे ज्ञान वहिनीनंच त्याला परवा जेवताना दिलं होतं, पण तिनं काही म्हटलं नाही. ती स्टुलावर बसून कपाळाचा घाम पुसत लेकीला फोन लावत होती.

"चाललं गं," ती म्हणाली. "दोन्हीकडे. शुक्रवारी येतेय मी."

पलीकडे लेक इतकी खूश झाली की थोडा वेळ नुसतं हसणंच ऐकू येत होतं. मग तिनं विचारलं, "बाबा आणि काका?"

"बोलले."

"काय?"

"टॉर्चबद्दल बोलले. मग अंगड्यांबद्दल. चौदा झालीत, तू आणू नकोस."

तिनं फोन ठेवला तेव्हा भिंतीच्या वरून एक हात पुढे आला होता. थोरल्याचा. दोन बोटांत चिठ्ठी. "हे दे त्याला. त्या चिमणीवाल्या पुस्तकाचं कापायचं माप."

वहिनी स्टुलावरून हलली नाही. "शुक्रवारपासून कोण देणार?"

"आज बुधवार आहे."

"मग आज सराव करा."

"हे मशीन नाही का देणार?"

"नाही," वहिनी म्हणाली. "इकडचं तिकडे दिसता कामा नये, हे तुम्हीच म्हणाला होता. तसंच केलंय मी. बाहेरचं हवं ते मागा, आणून देईल. भिंतीपलीकडचं काही देणार नाही."

हात तसाच राहिला थोडा वेळ. धाकटा स्क्रीनकडे बघत होता, पण स्क्रीनवरची चिमणी हलत नव्हती आणि तोही हलत नव्हता. उठून हात उंचावला असता तर चिठ्ठी सहज हाती लागली असती. तो उठला नाही. ती मापाची चिठ्ठी आहे, पेन्सिल नाही की खिळ्यांची पुडी नाही, हे तिघांनाही कळत होतं.

हात मागे गेला. खुर्ची करकरली. थोरल्याच्या चपला दर्शनी दाराकडे गेल्या, रस्त्यावर उतरल्या, खिडकीवरून त्याचं डोकं सरकत गेलं, आणि धाकट्याच्या बाजूचं दार उघडलं. तीन वर्षांत तो त्या दारानं आत आला नव्हता. दाराला उंबरा आहे हे विसरल्यामुळे तो जरा धडपडत आला. आत येऊन त्यानं कापायच्या मशीनकडे पाहिलं, नीट रचलेल्या गठ्ठ्यांकडे पाहिलं, टेबलाखालच्या चौकोनातून आपल्याच खुर्चीचे पाय दिसतात हे पाहिलं. मग चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि तिच्यावर बोट ठेवून उभा राहिला.

"वाच," तो म्हणाला.

"आठ," धाकट्यानं वाचलं.

"आठच ना?"

"आठच लिहिलंय."

"दोनदा मोजलंय मी."

"बरं."

आता तो जाईल असं धाकट्याला वाटलं, वहिनीलाही वाटलं. पण चिठ्ठीवरचं बोट काही उचललं जाईना. वहिनीला वाटलं आपण उठून चहा टाकावा. तीन वर्षं अशा वेळी ती चहाच टाकत आली होती. ती उठली नाही.

"त्या डायरीच्या चिठ्ठीवर," थोरला म्हणाला, "मी पंधराच लिहिलं होतं. तू बरोबर कापलंस."